दोन धर्मभगिनी आणि एक राखाडी भिंत: कॅथलिक नवसचित्र कसं पाहावं

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात फिलिप द शांपेन या चित्रकाराचं एक मोठं नवसचित्र आहे, म्हणजे झालेल्या कृपेबद्दल देवाला वाहिलेलं तैलचित्र. राखाडी भिंतींची खोली, जाड पांढुरक्या झग्यातल्या दोन धर्मभगिनी. एक गुडघे टेकलेली, दुसरी पाय लांब करून खुर्चीत रेललेली. दोघींचे हात जोडलेले. बाकी काहीच घडत नाही. बरोक, म्हणजे सतराव्या शतकातली युरोपची भपकेबाज कलाशैली, म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे उसळते ढग, गोबरे देवदूत आणि फडफडणारी वस्त्रं येतात, तो पाहुणा इथे क्षणभर थांबतो आणि पुढच्या दालनाकडे वळतो.

त्याला दोष देता येणार नाही. या चित्राला थोडी पूर्वतयारी लागते आणि ती कशी करायची, तेच इथे क्रमाने सांगतो. कलेचा इतिहास शिकलेला नसाल किंवा ख्रिस्ती धर्माची फारशी माहिती नसेल, तरी अडणार नाही. नवस म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, त्यामुळे निम्मी वाट आपण आधीच चाललेलो असतो. उरलेल्या वाटेवर मात्र जपून पाऊल टाकायचं, कारण हे चित्र आपल्या ओळखीच्या नवसासारखं वागत नाही.

पहिली पायरी: नेहमीचं नवसचित्र बघून ठेवा

थेट शांपेनच्या चित्राकडे जाऊ नका. आधी साध्या नवसचित्रांचे पाचपन्नास नमुने नजरेखालून घाला, इंटरनेटवर घातलेत तरी पुरे. इटलीत नापोलीजवळ मदोन्ना देल्लार्को नावाचं मरियामातेचं देवस्थान आहे. तिथे भाविकांनी वाहिलेल्या रंगीत पाट्या हजारोंनी जपून ठेवल्या आहेत. गावातल्या साध्यासुध्या चिताऱ्यांनी लाकडी फळीवर रंगवलेल्या या पाट्या आहेत. कुणी छपरावरून खाली येतोय, कुणाच्या अंगावरून गाडीचं चाक जातंय, कुठे बाळंतीण पलंगावर निपचित पडलीय आणि घरची मंडळी भोवती गुडघ्यांवर बसलीत. वर एका कोपऱ्यात ढग फाकलेले आणि त्यात बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया. तळाशी दोन ओळींचा मजकूर, नाहीतर नुसती आद्याक्षरं: व्ही. एफ. जी. ए. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, ‘नवस केला, कृपा झाली’.

पाचपन्नास पाट्या पाहिल्या की साचा डोक्यात बसतो: खाली संकट, वर तारणहार, तळाशी पावती. हा साचा पक्का बसणं फार महत्त्वाचं, कारण शांपेनने तो कुठे कुठे मोडलाय हे आपल्याला पुढे पाहायचं आहे.

या पाट्यांमागची श्रद्धाही इथेच समजून घ्या. कॅथलिक शिकवणीनुसार आराधना फक्त देवाची. मरियामाता आणि संत यांचा मान राखायचा आणि त्यांनी आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकावा म्हणून विनंती करायची. चमत्कार करतो देव, संत मध्यस्थी करतात. सोळाव्या शतकात ल्यूथर, काल्व्हँ वगैरे प्रोटेस्टंट सुधारकांनी नेमकं हेच नाकारलं. देव आणि माणूस यांच्यामध्ये हे मध्यस्थ कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्याला कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत उत्तर दिलं. डिसेंबर १५६३ मध्ये, परिषदेच्या अगदी शेवटच्या बैठकीत ठराव झाला की संतांची मध्यस्थी मागणं चांगलं आणि उपयुक्त आहे, त्यांच्या अवशेषांचा आणि प्रतिमांचा मान राखावा; मात्र कोणताही नवा चमत्कार बिशपने तपासून मान्यता दिल्याशिवाय स्वीकारू नये. पुढची दीडदोनशे वर्षं कॅथलिक युरोपात देवळांच्या भिंती नवसचित्रांनी भरत गेल्या, त्याला या वादाची पार्श्वभूमी आहे. प्रत्येक पाटी ही एका घरची कृतज्ञता तर होतीच, शिवाय वादात दिलेली साक्षही होती.

मुंबईकरांना हे सगळं लांबचं वाटायचं कारण नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. धर्म कुठलाही असो, रांग एकच. माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला गर्दी होते आणि लोक ओळीने नऊ बुधवार करतात, तीही याच परंपरेतली. नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची सलग प्रार्थना. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंत शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थना करत राहिले, ते हे नऊ दिवस. नोव्हेना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी: काही न वाचता चित्र पाहा

आता शांपेनच्या चित्राकडे या. लुव्रच्या संकेतस्थळावर ते मोठ्या आकारात मिळतं. फोनवर पाहू नका, मोठ्या पडद्यावर उघडा. मूळ चित्र १६५ सेंटिमीटर उंच आणि २२९ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आकृत्या जवळजवळ माणसाएवढ्या. हे प्रमाण डोक्यात ठेवूनच पाहा.

काय काय दिसतं त्याची मनाशी यादी करा. अर्थ लावायची घाई नको. गुडघे टेकलेली बाई वयस्कर आहे, चेहरा शांत, त्यावर अगदी पुसटसं समाधान. खुर्चीतली तरुण आहे, रंग उतरलेला, पाय लांब करून समोरच्या बैठकीवर ठेवलेले. तिच्या मांडीवर एक उघडी पेटी आहे. ही संतांचे पवित्र अवशेष ठेवायची पेटी. गवती विणीची एक साधी खुर्ची आहे आणि तिच्यावर प्रार्थनेचं पुस्तक. भिंतीवर लाकडी क्रूस. दोघींच्या छातीवर मोठा लालभडक क्रूस. साऱ्या चित्रात डोळ्यांत भरणारा रंग तेवढाच. डावीकडे भिंतीवर लॅटिनमधला लांबलचक मजकूर. आणि दोघींच्या मधे वरून उतरणारा उजेडाचा एक झोत.

झग्यांपाशी थोडं रेंगाळा. शांपेन मूळचा ब्रसेल्सचा, १६०२ मध्ये जन्मलेला, आणि कापड रंगवण्यात त्या भागातल्या फ्लेमिश चित्रकारांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा झगा जाड लोकरीचा आहे हे पाहताक्षणी जाणवतं. घड्या रेशमासारख्या सळसळत नाहीत. त्या जड पडतात, जमिनीवर टेकतात आणि तिथेच राहतात. पांढऱ्याच्या किती छटा आहेत तेही बघा. सावलीत तो राखाडी होत भिंतीच्या रंगात जवळजवळ मिसळतो, उजेडात सायीसारखा दिसतो. ज्याने फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशेल्यू याचा झगझगीत लाल झगा पुन्हापुन्हा रंगवला, त्याच हातचं हे काम आहे.

आता पहिल्या पायरीतला साचा आठवा आणि त्याच्याशी ताडून पाहा. संकट कुठे आहे? आजारी बाई आहे, पण आकांत नाही. तारणहार कुठे आहे? ढग नाहीत, मरिया नाही, एकही संत नाही. आणि चमत्कार? तोही दिसत नाही. आजारी बाई अजून बसलेलीच आहे.

तिसरी पायरी: भिंतीवरचा मजकूर वाचा

नवसचित्रातला मजकूर सोडून चित्र पाहणं म्हणजे पाकिटावरचा पत्ता न वाचता पत्र फोडणं. लॅटिन येत नसेल तर भाषांतर शोधा, पण वाचाच. सुरुवातीलाच अर्पण आहे: ख्रिस्ताला, जो आत्म्यांचा आणि शरीरांचा एकमेव वैद्य आहे.

पुढच्या मजकुराचा आशय असा. सिस्टर कातरीन सुझान द शांपेन हिला चौदा महिने ताप होता. तो हटेना आणि त्याची लक्षणं इतकी भारी की वैद्यांनाही धास्ती बसली. जवळजवळ अर्ध्या शरीराची हालचाल थांबली, शक्ती संपत आली, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा मदर कातरीन आन्येस यांच्यासोबत प्रार्थना केल्यावर तिला एका क्षणात संपूर्ण आरोग्य लाभलं आणि ती स्वतःला पुन्हा अर्पण करते. शेवटी चित्रकार स्वतः बोलतो: एवढ्या मोठ्या चमत्काराची आणि आपल्या आनंदाची साक्ष म्हणून फिलिप द शांपेनने हे चित्र १६६२ साली इथे ठेवलं.

यातल्या चार गोष्टी खुणा करून ठेवण्याजोग्या आहेत. ‘एकमेव’ हा शब्द नीट लक्षात घ्या. आभार कुठल्या संताला नाहीत, थेट ख्रिस्ताला आहेत. वैद्यांचा उल्लेख दोनदा येतो. तो उगाच नाही: औषधाने हरल्याची नोंद नसेल तर चमत्काराच्या दाव्याला वजन येत नाही. ‘पुन्हा अर्पण’ म्हणायचं कारण, कातरीनने १६५७ मध्ये धर्मभगिनी होताना एकदा स्वतःला देवाला वाहिलंच होतं; बरी झाल्यावर परतफेड म्हणून द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि चौथी गोष्ट आडनाव. आजारी मुलगी आणि चित्रकार, दोघंही शांपेन.

मला स्वतःला हा मजकूर चित्रात जरा उपरा वाटतो. भिंत इतकी सुंदर रंगवलीय आणि तिच्यावर ही कोरीव अक्षरांची शिस्तशीर फौज. पण ती झाकून चित्र पाहिलं तर दोन धर्मभगिनींच्या प्रार्थनेपलीकडे काही कळत नाही, हेही खरं.

चौथी पायरी: बापाची गोष्ट जाणून घ्या

शांपेन १६२१ मध्ये पॅरिसला आला. राणी मारी द मेदिचीचं काम मिळालं, मग राजा तेरावा लुई, मग रिशेल्यू. १६४८ मध्ये शाही चित्रकला अकादमी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही तो होता. नाव, पैसा, दरबारी मान, सगळं होतं. घरात मात्र एकामागून एक मृत्यू. १६३८ मध्ये बायको गेली. नंतर मुलगा गेला. दोन मुली १६४८ मध्ये पोर्ट-रॉयल मठात शिकायला ठेवल्या, त्यातली धाकटी १६५५ मध्ये गेली. उरली एकटी कातरीन आणि तिने त्याच मठात व्रत घेतलं. तिचं मठातलं नाव सिस्टर कातरीन द सँत-सुझान.

ऑक्टोबर १६६० मध्ये ती आजारी पडली. हळूहळू पाय गेले, उचलून न्यावं लागे. सव्वा वर्ष असं गेल्यावर मदर आन्येस आर्नो, म्हणजे मजकुरातल्या मदर कातरीन आन्येस, यांनी तिच्यासाठी नोव्हेना सुरू केली. त्या सत्तरीला टेकलेल्या होत्या आणि मठाचं प्रमुखपद त्यांनी अनेक वर्षं सांभाळलं होतं. नववा दिवस येत होता ६ जानेवारी १६६२ ला, तीन राजांच्या सणाला. गोव्यात रेईश मागूशला आणि चांदोरला ज्या दिवशी तीन राजांचं फेस्त भरतं, तोच हा दिवस. त्या दिवशी मदर आन्येस कातरीनजवळ प्रार्थना करत असताना, ही मुलगी बरी होईल अशी आशा त्यांच्या मनात एकाएकी उमटली. दुसऱ्या दिवशी, ७ जानेवारीला, कातरीन उठली आणि चालू लागली.

चित्रात दाखवलाय तो ६ तारखेचा क्षण, चालण्याच्या आदल्या दिवसाचा. आता मदर आन्येसच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहा. मघाशी ज्याला आपण पुसटसं समाधान म्हटलं, ते काय आहे हे आता कळेल. साऱ्या चित्रात घडणारी घटना तेवढीच: एका म्हाताऱ्या बाईच्या मनात आशा आली. आणि ही पाहायला त्या खोलीत नसलेला बाप ती रंगवतो आहे.

पाचवी पायरी: पोर्ट-रॉयलचं भांडण समजून घ्या

ही पायरी जरा चढणीची आहे. नवखे लोक इथूनच परत फिरतात. पण ही टाळली तर चित्र नुसतं हळवं वाटत राहील.

पोर्ट-रॉयल हा जुना मठ. त्याच्या दोन जागा होत्या, एक पॅरिसमध्ये आणि एक शहराबाहेर शव्हरझच्या खोऱ्यात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मदर आन्येसची थोरली बहीण मदर आंजेलिक हिने मठाला कडक शिस्त लावली. बाहेरच्यांना आत यायची बंदी इतकी पक्की की १६०९ मध्ये खुद्द वडील भेटायला आले, तेव्हा तिने त्यांनाही दाराच्या झरोक्यातूनच बोलायला लावलं. १६४७ पासून या भगिनींच्या पांढऱ्या वस्त्रावर तो लाल क्रूस आला.

पुढे हा मठ कॉर्नेलिस यान्सेन या बिशपच्या विचारांशी जोडला गेला. यान्सेनचा ‘औगुस्तिनुस’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाला. संत ऑगस्टीनचा आधार घेऊन त्यात मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: माणूस मुळातच इतका पडलेला आहे की स्वतःच्या बळावर तो देवाकडे वळूही शकत नाही. तारण होतं ते केवळ देवाच्या कृपेने, आणि ती कृपा पुण्याई करून कमावता येत नाही. याउलट माणसाच्या स्वेच्छेला आणि प्रयत्नाला जागा ठेवणारे जेझुइट धर्मगुरू या विचाराचे कट्टर विरोधक. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी यान्सेनच्या ग्रंथाशी संबंधित पाच विधानं पाखंडी ठरवली. त्या निषेधपत्रावर सही करायचा आग्रह भगिनींनाही होऊ लागला. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं की ती पाच विधानं चूक आहेत हे मान्य, पण ती यान्सेनच्या पुस्तकात आहेत की नाहीत याची ग्वाही आम्ही कशी द्यायची? १६६१ मध्ये चौदाव्या लुईने फास आवळला. मठातल्या विद्यार्थिनी आणि नवशिक्या भगिनी यांना बाहेर काढलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मदर आंजेलिक वारली.

आणि अशा वेळी, जानेवारीत, एक लुळी पडलेली भगिनी चालायला लागते. मठाने आणि त्याच्या मित्रांनी यात देवाचा कौल पाहिला नसता तरच नवल. असं पूर्वी एकदा झालंही होतं. मार्च १६५६ मध्ये गणिती आणि तत्त्वज्ञ ब्लेझ पास्काल याची भाची मार्गरीत पेरिये हिचा डोळ्याजवळचा वाहता नासूर, ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानल्या जाणाऱ्या काट्याचा स्पर्श होऊन, याच मठात बरा झाला होता. चर्चने चौकशी करून त्याला मान्यता दिली आणि त्या वेळी मठावरचं बालंट काही काळ टळलं.

१६६२ मध्ये ते टळलं नाही. दोनच वर्षांनी पॅरिसचे आर्चबिशप पेरेफिक्स स्वतः मठात आले आणि सही न करणाऱ्या भगिनींपैकी बारा जणींना त्यांनी इतर मठांत हलवलं. पुढे १६६९ मध्ये समेट झाला खरा, पण १७०९ मध्ये खेड्यातल्या मठातल्या उरलेल्या वृद्ध भगिनींना राजाच्या हुकमाने पांगवण्यात आलं आणि नंतर इमारतीही जमीनदोस्त झाल्या.

सहावी पायरी: जे नाही ते शोधा

आता खरी मजा. साच्यातल्या कोणत्या गोष्टी शांपेनने गाळल्या आणि का, हे आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

ढगातली मरिया नाही. यावरून पोर्ट-रॉयलला संत नको होते असा निष्कर्ष मात्र काढू नका. मांडीवरची अवशेषांची पेटी काय सांगते? त्या पक्क्या कॅथलिक होत्या. मरियेला, संतांना मानत होत्या. पण चमत्काराचं श्रेय वाटून द्यायची वेळ आली तेव्हा ‘एकमेव वैद्य’ हा शब्द भिंतीवर आला.

बदल्याची भाषाही नाही. ‘पाय बरे कर, मी अमुक वाहीन’ अशी बोली चित्रात कुठे दिसत नाही, मजकुरातही नाही. देवाची कृपा कशाच्याच मोबदल्यात मिळत नाही असं मानणारी माणसं असली बोली कशी करतील? म्हणून आपल्या नवसाची मोजपट्टी इथे जपून लावावी लागते. फेडणं आहे, ठरवणं नाही.

आणि चमत्कार नाही. कुठल्याही पाटी रंगवणाऱ्याने कातरीनला चालताना दाखवलं असतं. शांपेनने वाट पाहणं रंगवलं. दोघी एकमेकींकडे पाहत नाहीत, बोलत नाहीत, कुणी कुणाला हात लावत नाही. देवाच्या बाजूने चित्रात एकच गोष्ट शिरते, तो उजेडाचा झोत. तो कुठल्या खिडकीतून येत नाही. खोलीला खिडकी दाखवलेलीच नाही. आधी यादी करताना आपण तो सर्वात शेवटी लिहिला होता.

सातवी पायरी: त्याच चित्रकाराचं दुसरं नवसचित्र शेजारी ठेवा

शांपेनला साधंच जमत होतं म्हणून त्याने साधं रंगवलं, अशी कुणाला शंका आली तर हा उतारा. फ्रान्सच्या कां शहरातल्या कलासंग्रहालयात त्याचं १६३८ च्या सुमाराचं ‘तेराव्या लुईचं व्रत’ हे भव्य चित्र आहे, मुळात पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलसाठी केलेलं. तेराव्या लुईला लग्नाला बावीसहून जास्त वर्षं होऊनही मूल नव्हतं आणि स्पेनशी युद्ध चालू होतं. १० फेब्रुवारी १६३८ ला त्याने सारं राज्य मरियामातेच्या चरणी वाहिल्याचं जाहीर केलं. चित्रात राजा राजवस्त्रं लेऊन गुडघ्यांवर बसलाय, मुकुट पुढे करतोय. समोर क्रूसाखाली मृत ख्रिस्ताला घेऊन बसलेली मरिया. साच्यातलं सगळं इथे भरभरून आहे.

दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावा आणि दहा मिनिटं नुसती पाहा. दरबारी बरोकचं सगळं व्याकरण या माणसाला तोंडपाठ होतं. मुलीच्या वेळी त्याने ते बाजूला ठेवलं.

या जोडीला एक कडू योगही आहे. त्या व्रतानंतर सातच महिन्यांनी, ५ सप्टेंबर १६३८ ला राजाला जो मुलगा झाला आणि जो देवाची देणगी म्हणून साऱ्या देशाने डोक्यावर घेतला, तोच चौदावा लुई. पोर्ट-रॉयल पाडायचा हुकूम त्याचाच.

प्रत्यक्ष पाहायला जाणार असाल तर

लुव्र मंगळवारी बंद असतं. चित्र स्युली विभागात दुसऱ्या मजल्यावर, फ्रेंच चित्रकलेच्या दालनांत असतं. मोना लिसाची गर्दी पहिल्या मजल्यावरच अडते, त्यामुळे इथे निवांतपणा मिळतो. मात्र दालनं अधूनमधून बंद ठेवतात आणि चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेरही जातात, म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. त्याच मजल्यावर रिशेल्यू विभागात रुबेन्सने मारी द मेदिचीसाठी केलेली २४ चित्रं आहेत. राणीच्या ज्या राजवाड्यासाठी ती झाली, तिथे तरुण शांपेनही सजावटीच्या कामावर होता. आधी ती बघा, डोळे रंगांनी भरू द्या आणि मग शांपेनकडे या. हा क्रम उलटा केलात तर रुबेन्स भडक वाटेल आणि ते त्याच्यावर अन्यायाचं होईल.

चित्रापुढे गेल्यावर आधी लांबून पाहा, म्हणजे दोन आकृत्या आणि उजेड यांचा तोल कळतो. मग मजकूर वाचता येईल इतकं जवळ जा. शेवटी जोडलेल्या हातांच्या दोन जोड्या निरखा, एक म्हातारी, एक तरुण. शांपेनच्या व्यक्तिचित्रांतले हात फार बोलके असतात.

दिवस हाताशी असेल तर शव्हरझच्या खोऱ्यातल्या मठाचे अवशेष आणि तिथलं संग्रहालय बघता येतं. पॅरिसच्या नैऋत्येला मान्यी-ले-आमो गावाजवळ ते आहे. चमत्कार घडला तो पॅरिसमधला मठ आता एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारात आहे. तिथे बाळंतपणाचा प्रसिद्ध विभाग आहे आणि बाहेरच्या रस्त्याचं नाव अजून पोर्ट-रॉयलच. कां शहर पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून रेल्वेने साधारण दोन तासांवर, आणि तिथलं संग्रहालय जुन्या किल्ल्याच्या आत. तेराव्या लुईचं व्रत आधी आणि लुव्र नंतर असा बेत जमवता आला तर उत्तम. नाहीच जमला, तर निदान त्या चित्राचा फोटो फोनमध्ये घेऊन लुव्रला जा.